कुमारवयीनांचे लैंगिकता शिक्षण : घरातील मौन आणि माध्यमांतील गलबला

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात १० ते १९ वर्षे वयोगटातील मुलामुलींची संख्या सुमारे २५ कोटी ३० लाख होती. शरीरातील बदल, प्रजनन, आकर्षण, संमती आणि लैंगिक आरोग्य यांची पहिली जाण याच वयात येते. ही माहिती मुलांना कोणी द्यावी, केव्हा द्यावी आणि कोणत्या शब्दांत द्यावी, याविषयी देशात सुमारे शंभर वर्षे वाद सुरू आहे. वाद चालू असताना मुले मात्र थांबलेली नाहीत. त्यांना थोडी माहिती घरातून मिळते, थोडी पाठ्यपुस्तकातून मिळते आणि उरलेली मित्रमंडळी, जाहिराती, चित्रपट व भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून मिळते.

या निरनिराळ्या मार्गांचे स्वरूप पाहिले, तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. घर नियम सांगते, पण त्यामागचे कारण सांगत नाही. माध्यमे दृश्य दाखवतात, पण परिणाम सांगत नाहीत. परिणामी, स्वतःच्या शरीराविषयी विश्वासाने आणि नेमकेपणाने बोलता येईल असे शब्दच मुलांपाशी उरत नाहीत. या उणिवेची सर्वांत मोठी किंमत लैंगिक अत्याचाराला बळी पडणाऱ्या बालकांना मोजावी लागते.

घरातील भाषा

मराठीत मुलीच्या पहिल्या ऋतुप्राप्तीसाठी शब्दांची कमतरता नाही. न्हाण येणे, पदर येणे, शहाणी होणे असे शब्दप्रयोग जुन्या पिढीच्या बोलण्यात सहज येतात. मासिक पाळीसाठी कावळा शिवणे, बाहेर बसणे, अडचण येणे हे वाक्प्रचार रूढ होते आणि अनेक घरांत आजही आहेत. तथापि, यांपैकी एकही शब्द शरीरात काय घडते ते सांगत नाही. शिवाशिव पाळायची आहे, देवघरात जायचे नाही, वेगळे बसायचे आहे, एवढीच सूचना त्यांतून मिळते. शरीराची माहिती आणि समाजाचा नियम यांपैकी केवळ नियम पुढच्या पिढीकडे पोहोचतो.

हे चित्र केवळ महाराष्ट्रापुरते नाही. आसाममध्ये पहिल्या पाळीनंतर तुलनी बिया हा विवाहसदृश सोहळा होतो. तामिळनाडूत मंजळ नीराट्टु विळा साजरा केला जातो. ओडिशात रज पर्वाच्या दिवसांत भूमीच रजस्वला झाली असे मानून शेतीची कामे थांबवतात. महाराष्ट्रात बालविवाहाच्या काळात ऋतुप्राप्त मुलीला मखरात बसवण्याची आणि तिची ओटी भरण्याची प्रथा होती. म्हणजे हा विषय भारतीय परंपरेत अनुच्चारित होता, असे म्हणता येत नाही. मुलगी वयात आल्याची वार्ता गावभर होत असे. तिला स्वतःला मात्र काय झाले आहे, याचा उलगडा क्वचितच केला जाई.

या स्थितीत अद्याप पुरेसा बदल झालेला नाही. भारतातील १३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पहिली पाळी येण्यापूर्वी तिच्याविषयी माहिती असलेल्या मुलींचे प्रमाण जेमतेम निम्मे असल्याचे त्यात आढळले. माहिती देणारी व्यक्ती बहुतेक वेळा आई होती. ज्या मुलींना आधी काहीच सांगितलेले नसते, त्यांच्यातील अनेकींना रक्तस्राव पाहून दुखापत झाली किंवा मोठा आजार जडला, असे वाटते.

साधनांच्या बाबतीत प्रगती वेगाने झाली आहे. पाळीच्या काळात आरोग्यदायी साधने वापरणाऱ्या १५ ते २४ वयोगटातील महिलांचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, सुमारे ५८ टक्के होते. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ते सुमारे ७८ टक्क्यांवर गेले. वस्तू घरात आली, तिच्याविषयीचे बोलणे मात्र त्याच वेगाने आले नाही. दुकानदार आजही अनेक ठिकाणी सॅनिटरी नॅपकिनचे पाकीट वर्तमानपत्रात किंवा काळ्या पिशवीत गुंडाळून देतो.

मुलग्यांची अदृश्य चिंता

मुलींना अपुरी का होईना, पण काही सूचना मिळते. मुलग्यांच्या वाट्याला बहुधा तीही येत नाही. मिसरूड फुटणे, आवाज फुटणे यापलीकडे त्यांच्या वयात येण्याची भाषेने फारशी दखल घेतलेली नाही. स्वप्नावस्थेत होणारे वीर्यस्खलन ही या वयातील नैसर्गिक घटना होय, असे वडील किंवा मोठा भाऊ आपणहून सांगत नाहीत.

या पोकळीत भीतीचा व्यापार उभा राहिला. वीर्य गेल्याने शक्ती क्षीण होते, ही समजूत भारतीय उपखंडात खोलवर रुजलेली आहे. या समजुतीतून येणारा थकवा, चिंता व नैराश्य यांचे वर्णन करताना मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ ही संज्ञा वापरली. वैद्यकीय साहित्यात ती आजही प्रचलित आहे. आजार शरीरात नसतो, चुकीच्या माहितीतून तो मनात निर्माण होतो, हे या संज्ञेचे मर्म आहे.

रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’ आणि ‘मर्दानी कमजोरी’ यांवर शर्तिया इलाज सांगणाऱ्या जाहिराती उत्तर भारतापासून महाराष्ट्रापर्यंत सर्वत्र रंगवलेल्या असत. लैंगिक सामर्थ्य वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई आहे. कायदा होऊन सत्तर वर्षे उलटली, तरी या जाहिराती नाहीशा झाल्या नाहीत. भिंतीवरून त्या वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिरातींत आणि तेथून इंटरनेटवर गेल्या. अनेक पिढ्यांतील मुलग्यांनी लैंगिकतेविषयी वाचलेले पहिले वाक्य असे भयसूचक होते.

‘समाजस्वास्थ्य’ ते वाचकांचे प्रश्न

शास्त्रीय माहिती सामान्य वाचकापर्यंत नेण्याचा पहिला ठळक प्रयत्न मराठीत झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. या कार्यामुळे त्यांना विल्सन महाविद्यालयातील गणिताचे प्राध्यापकपद सोडावे लागले. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले आणि १९५३ मध्ये निधन होईपर्यंत ते चालवले. वाचकांनी पाठवलेल्या खासगी प्रश्नांना त्यात सरळ, वैद्यकीय भाषेत उत्तरे दिली जात.

या मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मधील खटला वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरून उद्भवला होता. त्यात कर्वे यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. न्यायालयाने कर्वे यांना दंड केला. मासिक मात्र बंद पडले नाही. दिग्दर्शक अमोल पालेकर यांनी कर्वे यांच्या जीवनावर ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट २००१ मध्ये सादर केला.

पुढे डॉ. विठ्ठल प्रभू यांचे ‘निरामय कामजीवन’ हे पुस्तक मराठीत दीर्घकाळ वाचले गेले. दिल्लीत ‘तारशी’ या संस्थेने १९९६ मध्ये दूरध्वनीवरून माहिती देणारी सेवा सुरू केली. मुंबईतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. महिंदर वत्स यांनी २००५ पासून एका इंग्रजी दैनिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली. तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. डिसेंबर २०२० मध्ये ९६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. कर्वे आणि वत्स यांच्या स्तंभांत सत्तर वर्षांहून अधिक अंतर आहे. तरीही हस्तमैथुनाने अपाय होतो का, यांसारखे प्रश्न दोन्हींकडे येत राहिले. घरात विचारता न आलेला प्रश्न अनोळखी डॉक्टरला निनावी पत्राने विचारण्याची रीत या सर्व काळात टिकून होती.

आकाशवाणी, दूरदर्शन आणि सरकारी संदेश

भारताने १९५२ मध्ये राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला. असा सरकारी कार्यक्रम हाती घेणारा तो जगातील पहिला देश ठरला. साठच्या दशकात लाल त्रिकोण गावोगावच्या भिंतींवर आणि आरोग्यकेंद्रांवर दिसू लागला. १९६८ मध्ये ‘निरोध’ बाजारात आले. तीन निरोधांची किंमत १५ पैसे होती. साध्या किराणा दुकानांतही ते ठेवण्यात आले. त्यामुळे निरोध हा शब्द लहान मुलांच्याही कानांवर पडू लागला. मात्र संपूर्ण मोहीम विवाहित जोडप्यांना उद्देशून होती. शब्द कळला तरी त्याचा अर्थ मुलांनी कोणाला विचारावा, याची तरतूद तीत नव्हती.

दूरदर्शनवर जुलै १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘हम लोग’ मालिकेमागे कुटुंबनियोजन व स्त्रियांची स्थिती या विषयांवर मनोरंजनातून प्रबोधन करण्याचा हेतू होता. मेक्सिकोमधील मालिकांचा अनुभव त्यासाठी विचारात घेतला गेला. सुरुवातीच्या भागांतील उपदेश प्रेक्षकांना रुचला नाही. तेव्हा तो सौम्य करून कथेवर भर देण्यात आला. आकाशवाणीने १९९६-९७ मध्ये ‘तिनका तिनका सुख’ ही मालिका प्रसारित केली. तिच्या प्रभावाने उत्तर प्रदेशातील लुत्सान गावच्या रहिवाशांनी हुंडा न देण्याघेण्याची लेखी प्रतिज्ञा केली. कथेच्या आधाराने अवघड विषय कुटुंबात एकत्र बसून ऐकता येतो, हे या दोन्ही मालिकांनी दाखवून दिले.

भारतात १९८६ मध्ये एचआयव्हीबाधित व्यक्ती प्रथम आढळल्या आणि १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था, म्हणजे ‘नाको’, स्थापन झाली. त्यानंतर संदेशांची भाषा बदलली. ‘बलबीर पाशा’ या काल्पनिक तरुणाभोवती रचलेली मोहीम २००२ मध्ये मुंबईतील फलकांवर झळकली. त्याच वर्षी दूरदर्शनवर ‘जासूस विजय’ ही गुप्तहेरकथा सुरू झाली. तिचा नायकच एचआयव्हीसह जगणारा होता. या मोहिमांमुळे एड्स हा शब्द घराघरांत पोहोचला. परंतु बहुतेक कुमारांनी लैंगिक संबंधांविषयी ऐकलेली पहिली सार्वजनिक माहिती रोगाच्या आणि मृत्यूच्या संदर्भात होती. शिवाय तिचा ठसा वरवरचाच राहिला. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील केवळ सुमारे २२ टक्के महिला आणि ३१ टक्के पुरुष यांनाच एचआयव्हीविषयी सर्वंकष माहिती असल्याचे आढळले.

सरकारी धोरणातही संकोच दिसतो. डिसेंबर २०१७ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने निरोधच्या जाहिराती सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत न दाखवण्याची सूचना दूरचित्रवाणी वाहिन्यांना केली. ज्या जाहिरातींत उत्तान दृश्ये नाहीत, त्यांना ही सूचना लागू नाही, असा खुलासा काही दिवसांतच करावा लागला.

पडदा : मोठा आणि लहान

चित्रपटांनी हा विषय कधी आडून, तर कधी थेट मांडला. १९७४ च्या ‘गुप्त ज्ञान’ या हिंदी चित्रपटाने लैंगिक शिक्षणाचा प्रश्न पडद्यावर आणला. जानेवारी २०१३ मध्ये प्रदर्शित झालेल्या रवी जाधव दिग्दर्शित ‘बालक पालक’ या मराठी चित्रपटात ऐंशीच्या दशकातील चाळीतील मुले दाखवली आहेत. मोठ्यांकडून उत्तर न मिळाल्याने ती भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटकडे वळतात. हा चित्रपट प्रेक्षकांनी आईवडिलांसह पाहिला, हे त्याचे वैशिष्ट्य ठरले.

ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या ‘ओएमजी २’ या हिंदी चित्रपटाची कथा शाळेत लैंगिक शिक्षण मिळावे म्हणून न्यायालयात जाणाऱ्या पित्याची आहे. चित्रपट प्रमाणन मंडळाने त्याला ‘केवळ प्रौढांसाठी’ हे प्रमाणपत्र दिले. ज्या वयाच्या मुलांविषयी तो होता, त्यांना तो चित्रपटगृहात पाहता आला नाही.

या काळात मुलांच्या हातातील पडद्याला मात्र अशी अट राहिली नव्हती. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला. पुढे कोरोना महासाथीत शाळाच भ्रमणध्वनीवर भरू लागल्या. सरकारने २०१५ मध्ये ८५७ अश्लील संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश दिला आणि टीकेनंतर तो शिथिल केला. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ८२७ संकेतस्थळे बंद करण्याचे निर्देश निघाले. अशी बंदी ओलांडण्याच्या युक्त्या लवकरच सर्वज्ञात होतात, असा अनुभव आहे.

अश्लील चित्रफिती अभिनय असतात. त्यांत संमती विचारली जात नाही, गर्भधारणा वा संसर्गाचा उल्लेख नसतो, नकाराला अर्थ नसतो. ज्या मुलाला याविषयी दुसरीकडून काहीच कळलेले नाही, तो त्या दृश्यालाच माहिती समजतो. स्वतःच्या शरीराची तुलना तो पडद्यावरील शरीराशी करतो. मुलींच्या बाबतीत खासगी छायाचित्रांवरून होणारी धमकी व खंडणी हा स्वतंत्र धोका निर्माण झाला आहे. बालकांची लैंगिक चित्रे पाहणे वा जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरू शकतो, हे अनेक कुमारांना आणि त्यांच्या पालकांना ठाऊक नसते.

याच पडद्यावर चांगली माहितीही मिळते. मासिक पाळीविषयीची ‘मेन्स्ट्रुपीडिया’ ही चित्रकथा अनेक भाषांत पोहोचली आहे. अनेक डॉक्टर भारतीय भाषांत छोट्या ध्वनिचित्रफिती तयार करतात. मात्र खरे कोणते आणि खोटे कोणते, हे ओळखण्यासाठी मुलांपाशी आधीची थोडी तरी विश्वसनीय माहिती असावी लागते.

शाळा : नाव बदलणारा विषय

शालेय शिक्षणात या विषयाने अनेक नावे धारण केली. १९८० मध्ये लोकसंख्या शिक्षण प्रकल्प सुरू झाला. पुढे कुमारावस्था शिक्षण, जीवनकौशल्ये, कुटुंब जीवन शिक्षण अशी नावे आली. २००५ मध्ये मनुष्यबळ विकास मंत्रालय आणि नाको यांनी कुमारावस्था शिक्षण कार्यक्रम देशभर राबवण्याचे ठरवले. शिक्षकांसाठीच्या साहित्यातील चित्रे व उपक्रम यांवर २००७ मध्ये तीव्र आक्षेप घेण्यात आले. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक, राजस्थान, केरळ, छत्तीसगड आदी राज्यांनी तो थांबवला किंवा नाकारला. यांत वेगवेगळ्या पक्षांची सरकारे होती.

राज्यसभेच्या याचिका समितीने २००९ मधील अहवालात शाळेत लैंगिक शिक्षण देऊ नये आणि चारित्र्यनिर्मितीवर भर द्यावा, अशी शिफारस केली. असे शिक्षण मुलांची जिज्ञासा अकाली चाळवते, हा विरोधकांचा मुख्य मुद्दा होता. युनेस्कोने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि २०१८ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शिकेसाठी अनेक देशांतील अभ्यास तपासण्यात आले. लैंगिकता शिक्षणामुळे मुले लवकर लैंगिक संबंधांकडे वळतात, या समजुतीला त्यांत आधार मिळाला नाही.

या वादाच्या काळात झारखंडने निराळी वाट धरली. तेथे २००६ मध्ये ‘उडान’ हा कार्यक्रम शाळांत सुरू झाला. अन्य राज्ये माघार घेत असताना तो चालू राहिला. शिक्षकांचे प्रशिक्षण आणि राज्य सरकारचा सहभाग हे त्याचे आधार होते.

आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि पॉप्युलेशन कौन्सिल यांनी २००६-०७ मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांतील पन्नास हजारांहून अधिक तरुण-तरुणींचे सर्वेक्षण केले. कुटुंब जीवन शिक्षण वा लैंगिक शिक्षण मिळाल्याचे सुमारे १५ टक्के तरुणांनीच सांगितले. असे शिक्षण आवश्यक आहे, असे मत मात्र बहुसंख्यांनी नोंदवले.

जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात कुमारांसाठी स्वतंत्र आरोग्य केंद्रे आणि ‘साथिया’ या समवयस्क मार्गदर्शकांची योजना आहे. २०१७ मध्ये आरोग्य मंत्रालयाने साथियांसाठी दिलेल्या साहित्यात समलिंगी आकर्षण ही स्वाभाविक बाब असल्याचे नमूद केले होते. फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांनी अकरा विषय शिकवावेत, अशी कल्पना आहे. प्रजनन आरोग्य, लिंगसमानता व इंटरनेटचा सुरक्षित वापर हे त्यांपैकी आहेत. २३ सप्टेंबर २०२४ रोजी बालकांच्या लैंगिक चित्रणाविषयी दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सर्वंकष लैंगिक शिक्षणाचा पुरस्कार केला. ही पाश्चात्त्य कल्पना असून भारतीय मूल्यांशी विसंगत आहे, हा गैरसमज दूर करण्याची गरज न्यायालयाने व्यक्त केली.

तथापि, वर्गातील स्थिती शिक्षकावर अवलंबून असते. प्रजननसंस्थेचा धडा विद्यार्थ्यांनी घरी वाचावा, असे सांगून पुढे जाण्याची पद्धत अनेकांना आपल्या शालेय जीवनातून आठवत असेल.

शब्द नसण्याची किंमत

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये बाल अत्याचारांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यांतील १२,४४७ बालकांची माहिती त्यासाठी घेण्यात आली. त्यांपैकी ५३.२२ टक्के बालकांनी एका वा अधिक प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. त्यांत मुलग्यांचे प्रमाण निम्म्याहून किंचित अधिक होते. निम्म्या घटनांत अत्याचार करणारी व्यक्ती बालकाच्या ओळखीची वा विश्वासातील होती. बहुतेक बालकांनी हा प्रकार कोणालाही सांगितला नव्हता.

न सांगण्यामागे भीती असते, लाज असते आणि शब्दांचा अभावही असतो. हात, नाक, गुडघा यांची नावे शिकवताना घरातील मोठी माणसे गुप्तांगांपाशी थांबतात किंवा लाडके शब्द वापरतात. त्या अवयवाचे नाव घेणे म्हणजे घाण बोलणे, असे मूल शिकते. पुढे कोणी त्याला तेथे स्पर्श केला, तर ते सांगण्यासाठी त्याला आधी घरातील नियम मोडावा लागतो.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, अर्थात पॉक्सो कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. त्याच वर्षी मे महिन्यात ‘सत्यमेव जयते’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने बाल लैंगिक अत्याचारांवर एक संपूर्ण भाग सादर केला होता. चाइल्डलाइन संस्थेचा ‘कोमल’ हा लघु अ‍ॅनिमेशनपट सुरक्षित व असुरक्षित स्पर्श मुलांना समजेल अशा भाषेत सांगतो. त्याला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला आणि अनेक शाळांत तो दाखवला गेला. माध्यमे घराला शब्द पुरवू शकतात, याची ही उदाहरणे होत.

पॉक्सो कायद्याची दुसरी बाजूही कुमारांना समजणे आवश्यक आहे. १८ वर्षांखालील व्यक्तीची लैंगिक संबंधांस दिलेली संमती कायदा मान्य करीत नाही. त्यामुळे सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींतील प्रेमसंबंधही गुन्ह्याच्या कक्षेत येतात. गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. या भीतीने गर्भवती अल्पवयीन मुली डॉक्टरकडे जाण्याचे टाळतात. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात याची दखल घेतली. मुलीच्या व पालकांच्या विनंतीवरून गर्भपातासंबंधीच्या अहवालात डॉक्टरांनी तिची ओळख उघड करण्याची आवश्यकता नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. संमतीचे वय कमी करू नये, अशी शिफारस विधी आयोगाने २०२३ मध्ये केली. यातील बहुतेक गोष्टी मुलांना कळतात त्या गुन्हा नोंदल्यानंतर.

घराला काय करता येईल

लैंगिकता शिक्षण म्हणजे एके दिवशी द्यायचे व्याख्यान नव्हे, यावर बालरोगतज्ज्ञ व समुपदेशक यांचे एकमत आहे. वयानुसार थोडे थोडे सांगत जावे, असा त्यांचा सल्ला असतो.

• तीन-चार वर्षांच्या मुलाला सर्व अवयवांची योग्य नावे सांगावीत. नको असलेल्या स्पर्शाला नकार देता येतो आणि तसा स्पर्श करणारा नातेवाईक असला तरी घरी सांगायचे असते, हे त्याच्या मनावर ठसवावे.

• आठ-नऊ वर्षांच्या सुमारास मुलीला मासिक पाळीची पूर्वकल्पना द्यावी. शरीरातील बदल मुलींमध्ये सामान्यतः ८ ते १३ आणि मुलग्यांमध्ये ९ ते १४ या वयात सुरू होतात. मुलग्यालाही पाळीविषयी आणि स्वतःच्या बदलांविषयी आधीच सांगावे.

• बारा-तेरा वर्षांनंतर आकर्षण, संमती, गर्भधारणा, संसर्ग, कायदा आणि इंटरनेटवरील धोके या विषयांवर बोलावे. मुलाने काही आक्षेपार्ह पाहिले असल्यास आधी शिक्षा करण्याऐवजी त्याला काय समजले, ते विचारावे.

• उत्तर ठाऊक नसल्यास तसे मान्य करून डॉक्टरांना विचारावे. खोटे उत्तर मिळालेले मूल पुढचा प्रश्न घरात विचारत नाही.

समोरासमोर बोलणे अवघड वाटत असल्यास एकत्र पाहिलेला चित्रपट, मालिकेतील प्रसंग किंवा वृत्तपत्रातील बातमी संभाषणाला निमित्त पुरवते. आई, वडील, आत्या, मामी, मोठी बहीण यांपैकी ज्यांच्याशी मुलाचे मोकळेपण आहे, त्यांनी पुढाकार घेतला तरी चालते. मुलाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच असते की, घरात किमान एका व्यक्तीला हा प्रश्न विचारता येतो.

महत्त्वाचे टप्पे

१९२१ : र. धों. कर्वे यांचे मुंबईत संततिनियमन केंद्र
१९२७ : ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा प्रारंभ
१९५२ : राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम
१९६८ : ‘निरोध’ची विक्री सुरू
१९८० : लोकसंख्या शिक्षण प्रकल्प
१९९२ : नाकोची स्थापना
२००५ : कुमारावस्था शिक्षण कार्यक्रम
२००७ : अनेक राज्यांत या कार्यक्रमाला विरोध व स्थगिती
२०१२ : पॉक्सो कायदा लागू
२०१४ : राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम
२०१८ : प्रौढांमधील संमतीने होणारे समलिंगी संबंध सर्वोच्च न्यायालयाकडून गुन्हेमुक्त
२०२० : शालेय आरोग्य कार्यक्रम
२०२४ : सर्वंकष लैंगिक शिक्षणाविषयी सर्वोच्च न्यायालयाचे मार्गदर्शन

मदतीसाठी दूरध्वनी क्रमांक

संकटातील बालकांसाठी १०९८, एचआयव्ही-एड्सविषयी माहितीसाठी १०९७, मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १४४१६ आणि इंटरनेटवरील आर्थिक फसवणूक व अन्य सायबर गुन्ह्यांच्या तक्रारीसाठी १९३० या राष्ट्रीय क्रमांकांवर संपर्क साधता येतो.